चार गुणांनी पुढे कोण? ऑनलाइन आणि प्रत्यक्ष वर्गाची न्याय्य तुलना

प्रश्न: मी पदवीच्या पहिल्या वर्षाला अर्थशास्त्राचा पायाभूत पेपर शिकवते. साठ-साठ मुलांच्या दोन तुकड्या आहेत, एक सकाळची आणि एक संध्याकाळची. गेल्या सत्रात सकाळची तुकडी वर्गात शिकली. संध्याकाळच्या तुकडीला माझे रेकॉर्ड केलेले तास आणि आठवड्यातून एकदा ऑनलाइन शंकासमाधान असं स्वरूप होतं. कोणत्या तुकडीत जायचं हे मुलांनीच ठरवलं होतं. अंतिम परीक्षेत सकाळच्या ५७ मुलांची सरासरी ६१ आली आणि संध्याकाळच्या ४४ मुलांची ६५. प्राचार्य म्हणतात, ऑनलाइन चार गुणांनी पुढे आहे, तर पुढच्या वर्षापासून दोन्ही तुकड्या ऑनलाइन करू. मुलांशी बोलताना मला जे जाणवतं त्याच्याशी हा आकडा जुळत नाही. मी हे सांगितल्यावर त्यांनी एक सत्र दिलं आहे, नीट प्रयोग करून दाखवा म्हणून. एक सहकारी म्हणतात, फीडबॅक फॉर्म भरून घ्या, पुरे. दुसरे म्हणतात, मुलांवर प्रयोग करणंच गैर. मी नेमकं काय करू?
– एक प्राध्यापिका

उत्तर:

नमस्कार मॅडम,

प्रयोगाचं नंतर बोलू, आधी ते चार गुण बघू, कारण सगळा निर्णय त्यांच्यावर उभा आहे. तुमच्या पत्रात सरासरीपेक्षा मोलाचे आकडे आहेत ५७ आणि ४४. दोन्हीकडे मुलं साठच होती. म्हणजे सकाळची तीन मुलं परीक्षेला बसली नाहीत आणि संध्याकाळची तब्बल सोळा. नियमित अभ्यास करणारी मुलं सहसा पेपर सोडत नाहीत. जी मागे पडतात, ज्यांचे न पाहिलेले व्हिडिओ साठत जातात, ती सोडतात. समजा, न बसलेल्या सगळ्यांनी पेपर दिला असता आणि त्यांना सरासरी ४५ गुण पडले असते. मग संध्याकाळच्या साठ जणांची सरासरी होते ५९.७ आणि सकाळची ६०.२. आघाडी संपली. ४५ हा आकडा मी धरून चालले आहे, त्यामुळे यातून प्रत्यक्ष वर्ग चांगला असंही सिद्ध होत नाही. पण चार गुणांचा फरक शिकवण्यातून आला की गळतीतून, हे त्या सरासरीवरून सांगता येत नाही, इतकं नक्की दिसतं. हा हिशेब एका कागदावर मांडून प्राचार्यांना आजच द्या. निर्णय सत्रभर थांबवायला तो पुरेसा आहे.

आणखी एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण तपासून घ्या. संध्याकाळच्या मुलांनी पेपर घरून दिला का? तसं असेल तर तुलनेचा विषयच मिटला. देखरेखीखाली दिलेला पेपर आणि घरी बसून दिलेला पेपर या दोन वेगळ्या परीक्षा आहेत.

आता मूळ दुखणं: मुलांनी तुकडी स्वतः निवडली. संध्याकाळी येणाऱ्यांत नोकरी करणारी, वयानं थोडी मोठी, शिकायचंच असं ठरवून आलेली मुलं असू शकतात. तसंच घरच्या जबाबदाऱ्यांमुळे दुसरा पर्यायच नसलेलीही असू शकतात. पहिली सरासरी वर नेतात, दुसरी खाली ओढतात, आणि कोणाचा जोर किती हे कळायला मार्ग नाही. बारावीचे गुण जुळवून तुलना केली तर थोडं बरं होईल, पण चिकाटी, घरातली शांतता, प्रवासाचा थकवा या गोष्टी कोणत्याही गुणपत्रिकेत नसतात. म्हणूनच सोडत लागते. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात हाच प्रश्न सोडवला. जमिनीचा प्रत्येक तुकडा वेगळा, कुठे कस जास्त, कुठे कमी, आणि सगळे फरक मोजणं अशक्य. मग कोणत्या तुकड्याला कोणतं खत हे नशिबावर सोडा, म्हणजे माहीत असलेले आणि माहीत नसलेले फरक दोन्ही बाजूंना सारखेच विखुरतात. राहिलेल्या योगायोगाचा अंदाज गणितानं बांधता येतो. मुलांच्या निवडीतून आलेल्या फरकाचा तसा अंदाज बांधता येत नाही.

पण सोडत काढण्याआधी तुम्हाला एक प्रश्न लिहून काढावा लागेल, आणि माझ्या मते बहुतेक तुलना तिथेच फसतात: तुम्ही नेमकी कशाची कशाशी तुलना करताय? 'ऑनलाइन' ही एक गोष्ट नाही. त्यात रेकॉर्डिंग पुन्हा पाहण्याची सोय आली, प्रवासाचा वाचलेला वेळ आला, फळ्याऐवजी स्लाइड आल्या, मित्र शेजारी नसणं आलं. शिक्षणातल्या माध्यमांचे अभ्यासक रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ सालीच बजावलं होतं की माध्यम हे शिक्षण वाहून आणणारं वाहन आहे, किराणा आणणाऱ्या गाडीमुळे जसं घरातल्यांचं पोषण बदलत नाही तसंच. फरक दिसतो तो बहुधा आत भरलेल्या मालाचा. त्याच क्षेत्रातले रॉबर्ट कोझमा यांनी पुढे त्यांना उत्तर दिलं की काही गोष्टी काही माध्यमांतच नीट शिकवता येतात, इतरांत येत नाहीत, आणि तो वाद बरीच वर्षं चालला. मला कोझमांच्या म्हणण्यातही तथ्य दिसतं, पण प्रयोग आखताना क्लार्कची शंका उशाशी ठेवावी. अमेरिकेच्या शिक्षण खात्यानं २००९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा ऑनलाइन आणि प्रत्यक्ष यांचं मिश्रण केवळ प्रत्यक्ष वर्गापेक्षा सरस दिसलं. पण त्याच अहवालात इशारा होता की मिश्र वर्गांना अनेकदा जास्त वेळ आणि जास्त साहित्यही मिळालं होतं. मग श्रेय माध्यमाला द्यायचं की जादा तासांना?

याच कारणानं २०२० साली अचानक ऑनलाइन गेलेल्या वर्गांचे आकडे कुणी आधीच्या वर्षांशी ताडून पुढे केले तर ते बाजूला ठेवा. त्या वर्षी रातोरात जे करावं लागलं त्याला संशोधकांनी तेव्हाच 'आपत्कालीन दूरशिक्षण' असं वेगळं नाव दिलं होतं. आजार, भीती, बदललेल्या परीक्षा हे सगळं त्या आकड्यांत मिसळलेलं आहे.

तुमच्यापुढे दोन न्याय्य प्रश्न आहेत, त्यांतला एक निवडा. पहिला: तेच व्याख्यान, तोच शिक्षक, तेच साहित्य, फक्त पोहोचवायची वाट वेगळी, तर काय होतं? अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड फिग्लियो आणि सहकाऱ्यांनी (२०१३) असंच केलं. अर्थशास्त्राच्या पायाभूत पेपरचे विद्यार्थी सोडतीनं वाटले, काहींनी व्याख्यान सभागृहात ऐकलं, काहींनी त्याचंच चित्रीकरण इंटरनेटवर पाहिलं, बाकी सगळं सारखं ठेवलं. प्रत्यक्ष व्याख्यानाकडे थोडा कल दिसला, आणि आधीचे गुण कमी असलेल्या विद्यार्थ्यांत तो अधिक ठळक होता. दुसरा प्रश्न: महाविद्यालय जसं ऑनलाइन शिक्षण खरोखर देणार आहे, ते संपूर्ण पॅकेज आणि आजचा वर्ग यांत काय फरक पडतो? प्राचार्यांचा निर्णय या दुसऱ्या प्रश्नावर आहे, म्हणून तोच घ्या. मात्र दोन्ही पॅकेजांना सारखं बजेट द्या. व्हिडिओचे तास आणि शंकासमाधान मिळून जितका वेळ होतो तितकाच वेळ वर्गाला, गृहपाठ तेच, टिपणं तीच, शंका विचारायची संधी तितकीच. मुलांनी व्हिडिओ दोनदा पाहिला तर पाहू द्या, तो त्या पॅकेजचाच भाग आहे. फक्त दोन्ही गटांनी अभ्यासाला किती वेळ दिला हे दर आठवड्याला लिहून घ्या.

आता आराखडा. सगळ्यात सोपा वाटणारा मार्ग म्हणजे एक तुकडी ऑनलाइन, एक वर्गात, आणि या वेळी कोणती कुठे ते नाणं उडवून ठरवायचं. हे करू नका. पत्रात तुम्ही १२० मुलं असल्याचं लिहिलंय, पण या पद्धतीत तुमच्याकडे १२० नसतात, दोन असतात: दोन तुकड्या. सकाळच्या तुकडीत चार जिज्ञासू मुलं असली तर सगळा वर्ग जागा होतो, संध्याकाळी सगळे दमलेले असले तर सगळेच पेंगतात. एका तुकडीतल्या मुलांचे गुण एकमेकांशी बांधलेले असतात. ते बांधलेपण (शून्य म्हणजे अजिबात नाही, एक म्हणजे पूर्ण) ०.१ इतकं माफक धरलं तरी साठच्या दोन तुकड्यांतली १२० मुलं माहितीच्या दृष्टीनं साधारण १७ स्वतंत्र मुलांएवढी भरतात. शिवाय तुकडीचा गुण आणि माध्यमाचा गुण वेगळा काढण्याचा काही उपायच उरत नाही.

त्याऐवजी सोडत प्रत्येक तुकडीच्या आत काढा. सत्राच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांची छोटी पूर्वचाचणी घ्या: टक्केवारी, आलेख वाचणं, थोडी सामान्य आर्थिक समज. सकाळच्या साठ जणांना त्या गुणांनुसार उतरत्या क्रमानं लावा, शेजारच्या दोघांची जोडी करा, आणि प्रत्येक जोडीत चिठ्ठी काढून एकाला 'क' गटात, दुसऱ्याला 'ख' गटात टाका. संध्याकाळीही तसंच. चिठ्ठ्या मुलांसमोर, एखाद्या सहकाऱ्याच्या हातून काढा. यादी आपण बसून केली की नकळत हात फिरतो, आणि तो फिरला नाही यावर मग कुणी विश्वास ठेवत नाही. असं केल्यानं सकाळ-संध्याकाळचा फरक दोन्ही गटांत सारखाच येतो आणि वजाबाकीत निघून जातो.

मग अभ्यासक्रमातले एकमेकांवर न बेतलेले दोन घटक निवडा. मागणी-पुरवठा घेऊ नका, पुढचं सगळं त्यावर उभं असतं. तो आधी सगळ्यांना मिळून शिकवून टाका. लवचीकता (किंमत बदलली की मागणी किती बदलते) आणि राष्ट्रीय उत्पन्नाचं मापन ही जोडी मला चालण्यासारखी वाटते. लवचीकता 'क' गट वर्गात शिकेल आणि 'ख' ऑनलाइन, राष्ट्रीय उत्पन्नाच्या वेळी उलट. प्रत्येकाला किमान तीन आठवडे द्या, पहिला आठवडा तर नव्याची नवलाई ओसरण्यातच जातो. जमलं तर चार घटक घ्या. वर्गात एका वेळी तीसच मुलं असतील, म्हणून ऑनलाइन शंकासमाधानही तीस-तीसच्या गटात घ्या, नाहीतर कमी गर्दीचा फायदा एकाच बाजूला जाईल. यात तुमचे काही तास वाढतील. ते आधीच वेळापत्रकात धरायला सांगा.

या अदलाबदलीचा फायदा मोठा आहे. गुणांचं प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप, १५ असेल, तर साठ विरुद्ध साठ अशी सरळ तुलना केल्यावर सुमारे आठ गुणांपेक्षा लहान फरक भरवशानं पकडता येत नाही. प्रत्येक मुलाची तुलना त्याच्या स्वतःशीच केली आणि दोन घटकांच्या गुणांत ०.६ सहसंबंध असला (म्हणजे एकात पुढे असलेलं मूल बहुधा दुसऱ्यातही पुढे असलं), तर साडेतीन गुणांपर्यंतचा फरक पकडता येतो. तास सामायिक असल्यानं हा हिशेब थोडा आशावादी आहे, पण दिशा खरी आहे. आणि साडेतीन गुण ही क्षुल्लक मर्यादा नाही. अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत २०२० मध्ये अर्थशास्त्राच्याच पायाभूत पेपरच्या ५५१ विद्यार्थ्यांना १२ शिक्षकांकडे सोडतीनं ऑनलाइन किंवा प्रत्यक्ष वर्गात वाटलं होतं. वर्ष तेच २०२०, पण इथे दोन्ही गट एकाच काळातले आणि सोडतीनं पाडलेले, म्हणून हा आकडा बाजूला ठेवावा लागत नाही. ऑनलाइन विद्यार्थ्यांचे अंतिम गुण ०.२१५ प्रमाण विचलनांनी कमी आले. तुमच्या मापात ते साधारण सव्वातीन गुण होतात. अशा विषयात फरक असतात ते याच आकाराचे, त्यामुळे आठ गुणांची जाळी लावून बसलं तर सगळे मासे निसटतील.

तिथे १२ शिक्षक होते हेही लक्षात घ्या. तुमच्या प्रयोगाचं उत्तर मुख्यतः 'तुम्ही शिकवता तेव्हा' या अटीसह येईल. विभागातला आणखी एक शिक्षक सोबत आला तर उत्तराचं वजन दुप्पट होईल, म्हणून आत्ताच विचारून ठेवा.

अदलाबदलीची एक मर्यादा मात्र मला स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण ती थेट तुमच्या त्या सोळा मुलांशी येऊन भिडते. तीन आठवडे ऑनलाइन राहून मूल पुन्हा वर्गात येतं, तेव्हा सबंध सत्र एकटं पडून हळूहळू सुटत जाणं या आराखड्यात दिसणारच नाही. 'एखादा घटक कुठे जास्त समजतो?' याचं उत्तर तुम्हाला मिळेल. 'सत्रभर ऑनलाइन ठेवलं तर किती मुलं गळतात?' याचं मिळणार नाही. त्यासाठी दोन्हीपैकी काहीही चालेल असं म्हणणाऱ्या मुलांत पूर्ण सत्राची सोडत लागते, आणि तुकड्याही जास्त लागतात. हे अहवालात पहिल्याच पानावर लिहा. लिहिलं नाहीत तर तुमच्या चांगल्या प्रयोगाचा वापर करून नेमक्या त्याच मुलांचं नुकसान होईल, आणि ते होऊ नये म्हणूनच तर तुम्ही हे सगळं करताय.

परीक्षेबद्दल मी काटेकोर आहे. प्रश्नपत्रिका सोडतीच्या आधी तयार करून बंद करा, शक्यतो सहकाऱ्याकडून. तुम्ही काढलीत तर वर्गात बोलता बोलता दिलेलं एखादं उदाहरण तिच्यात उतरेल आणि वर्गातल्या मुलांना ते आठवेल. प्रत्येक घटकाची चाचणी दोन्ही गटांची एकाच दिवशी, एकाच हॉलमध्ये, कागदावर. उत्तरपत्रिकांवर नावाऐवजी सांकेतिक क्रमांक, सगळ्या १२० एकत्र मिसळलेल्या, आणि तपासणारा असा की ज्याला कोण कुठल्या गटात होतं हे माहीत नाही. तुम्ही स्वतः तपासू नका. तुमच्या प्रामाणिकपणावर शंका नाही, पण कल तुमचा वर्गाकडे आहे हे पत्रातूनच दिसतं, आणि अर्धा गुण द्यायचा की नाही अशा जागी कल काम करतो. त्याच कारणानं सहकाऱ्याला दोन्हीकडचे एक-दोन तास बघायला बोलवा. वर्गात शिकवताना तुम्ही खुलत असाल आणि कॅमेऱ्यासमोर यांत्रिक होत असाल, तर तेही नोंदलं गेलं पाहिजे. व्हिडिओ गेल्या वर्षीचे, घाईत केलेले असतील तर नव्यानं करा. एका बाजूला तुमचं सर्वोत्तम आणि दुसरीकडे उरलंसुरलं, असं असेल तर निकाल आधीच लागलेला असतो.

मोजताना एकच नियम, आणि तो मोडू नका: सोडतीत जो ज्या गटात गेला, त्याला त्याच गटात मोजायचं. 'ऑनलाइन' आलेल्या मुलानं एकही व्हिडिओ पाहिला नाही तरी तो ऑनलाइनमध्येच. वर्गातल्या मुलानं मित्राकडून व्हॉट्सअॅपवर रेकॉर्डिंग मिळवलं तरी तो वर्गातच. अशी देवाणघेवाण तुम्ही रोखू शकणार नाही, रोखायला जाऊही नका. चाचणीनंतर एक निनावी प्रश्न विचारून तिचं प्रमाण तेवढं नोंदवा. 'ज्यांनी मनापासून केलं त्यांचेच गुण बघू' असं कुणी सुचवेल. त्या वाक्यानं सोडत रद्द होते, कारण मनापासून करणारी मुलं पुन्हा स्वतःची निवड स्वतःच करतात. चाचणीला गैरहजर राहिलेल्यांसाठी आठवड्याभरात दुसरी संधी ठेवा आणि तरीही जी आली नाहीत त्यांची संख्या गटवार छापा.

आता सहकाऱ्यांच्या फीडबॅक फॉर्मविषयी. फॉर्म घ्या, पण तो समाधानाचा पुरावा माना, शिकण्याचा नव्हे. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गांवर २०१९ साली एक सुंदर अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाला उत्तम वक्त्याचं ओघवतं व्याख्यान, दुसऱ्याला तेच साहित्य पण स्वतः प्रश्न सोडवत, आणि पुढच्या विषयाला गटांची अदलाबदल, म्हणजे जवळपास तुमचाच आराखडा. प्रश्न सोडवणारी मुलं चाचणीत जास्त शिकलेली निघाली, आणि त्यांनाच वाटत होतं की आपण कमी शिकलो. ज्यात डोकं शिणतं ते शिकणं मुलांना अपुरं वाटतं. सहज पाहून होणारा व्हिडिओ आवडणं आणि त्यातून समजणं यांत असंच अंतर असू शकतं. वर्गाबाबतही असू शकतं.

फॉर्मपेक्षा एक उपयोगी प्रश्न सांगते. सोडतीच्या आधी प्रत्येक मुलाकडून लिहून घ्या की त्याला निवड दिली असती तर त्यानं काय निवडलं असतं. मग सोडत काढा. यातून कळेल की ज्यांना ऑनलाइन हवं होतं त्यांना ते मिळाल्यावर खरंच फायदा झाला का. मुलांना निवडू द्यावं की नाही, याचं उत्तर या एका ओळीतून बरंचसं मिळतं.

दुसऱ्या सहकाऱ्यांचा आक्षेप मी गंभीरपणे घेते. मुलांचं शिक्षण पणाला लावायचा आपल्याला अधिकार नाही. पण गेल्या सत्रात जे झालं तोही प्रयोगच होता, फक्त नोंदी न ठेवलेला, आणि त्याच्या आधारे यापुढच्या सगळ्या मुलांचा वर्ग जाऊ शकतो. अदलाबदलीत प्रत्येकाला दोन्ही मिळतं, कुणी सत्रभर एका बाजूला अडकत नाही. तरी काही पथ्यं पाळावीच लागतील. नीतिमत्ता समिती असेल तर तिची परवानगी घ्या. संमतीपत्र तुम्ही स्वतः घेऊ नका, दुसऱ्या कुणाला घ्यायला सांगा. ज्याच्या हातात गुण आहेत त्याला नाही म्हणायला मुलं बिचकतात. आपले गुण अभ्यासात धरू नका असं म्हणण्याची मोकळीक द्या. घटक चाचणी झाली की त्या घटकाची रेकॉर्डिंग सगळ्यांना खुली करा. मग अंतिम परीक्षेत त्या घटकांच्या प्रश्नांत फरक दिसला नाही तरी आश्चर्य मानू नका. मुख्य निकाल चाचणीचाच. आणि ज्या मुलाकडे स्वतःचा लॅपटॉप किंवा पुरेसं इंटरनेट नाही, त्याच्यासाठी संगणक कक्षात जागा राखून ठेवा. नाहीतर तुम्ही शिकवण्याच्या पद्धती मोजत नाही, घरची परिस्थिती मोजताय.

सरासरीच्या आत काय दडलंय हे बघायचंही आधीच ठरवा. जिनिव्हा विद्यापीठात व्याख्यानाचं थेट प्रक्षेपण कोणत्या आठवड्यात कुणाला उपलब्ध असेल हे सोडतीनं ठरवलं होतं. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत हुशार विद्यार्थ्यांना प्रक्षेपणाचा फायदा झाला आणि कमकुवत विद्यार्थ्यांचं नुकसान. दोघांची मिळून सरासरी काढली असती तर फारसं काही घडलंच नाही असं वाटलं असतं. वेस्ट पॉइंटमध्येही घसरण अभ्यासात मागे असलेल्यांत सर्वांत मोठी होती. तुम्ही पूर्वचाचणीतल्या खालच्या तिसऱ्या हिश्श्याचा निकाल वेगळा देणार, हे आजच लिहून ठेवा. चाळीस मुलांवरून ठाम बोलता येणार नाही, पण तो आकडा त्या पानावर असलाच पाहिजे. निकाल आल्यावर मुलींचं वेगळं, मुलांचं वेगळं, वसतिगृहाचं वेगळं असं खणत बसलात तर कुठेतरी काहीतरी चमकेलच, आणि ते बहुधा योगायोगाचं असेल.

शेवटी, सोडतीच्या आधी प्राचार्यांसोबत बसून एका पानावर सही घ्या. त्यावर प्रश्न, दोन्ही पॅकेजांचं वर्णन, मुख्य मोजमाप, आणि एक आकडा: किती गुणांचा फरक पडला तर निर्णय बदलेल? समजा तुम्ही दोघांनी तीन गुण ठरवले. निकाल आला की वर्ग १.५ गुणांनी पुढे, आणि अनिश्चितता धरून खरा फरक वर्ग ०.९ नं मागे इथपासून ते वर्ग ३.९ नं पुढे इथपर्यंत कुठेही असू शकतो. १२० मुलांत साधारण एवढाच पल्ला राहील. कुणीतरी म्हणेल, फरक सिद्ध झाला नाही, म्हणजे दोन्ही सारखंच, करा ऑनलाइन. तसं नाही. ३.९ अजून शक्यतेत आहे, म्हणजे तुम्हीच ठरवलेला तीन गुणांचा तोटा नाकारता आलेला नाही. अशा निकालाचं नाव 'अजून कळलेलं नाही' असं आहे आणि ते त्या पानावर आधीच लिहिलेलं असू द्या. पुढच्या वर्षीच्या १२० मुलांवर तोच प्रयोग केला तर दोन्ही मिळून हा पल्ला दोन्ही बाजूंना सुमारे १.७ गुणांवर येईल, आणि तेव्हा तीन गुणांबद्दल बरंच ठामपणे बोलता येईल. म्हणून प्राचार्यांकडे एक सत्र मान्य करून थांबू नका, दुसरं आत्ताच मागून घ्या.